आठ प्राध्यापकांची परीक्षा एकाने दिली

ती घटना आजही आठवली की माझा आवाज चढतो. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, आता घरात माझ्या आवाजाला कुणी भीक घालत नाही. आमच्या सौभाग्यवती तर म्हणतात, "तुमची ती कॉलेजची केस निघाली की मी आधी गॅस बंद करते. तुम्ही ओरडता आणि माझं दूध उतू जातं." तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं. कागदावर कितीही ओरडलं तरी दूध उतू जात नाही. नावं कुणाचीच लिहिणार नाही. ज्यांनी केलं त्यांना वाचताना कळेलच.

मी तेव्हा चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. आमच्याकडे सकाळची हजेरी झाली की बाकावर ठरलेली माणसं बसलेली असत. हरवलेले मोबाइल, भाडेकरूंची नोंद, कंपनीच्या गेटवरची बाचाबाची. त्या सोमवारी एक कामगार दोन तास बसून होता. मूळ परभणीकडचा, कुरुळीत भाड्याच्या खोलीत बायको-मुलीसह राहणारा. ठाणे अंमलदाराने त्याला दोनदा सांगून पाहिलं होतं, "कामाचं भांडण असेल तर कामगार कार्यालयात जा." तो उठतच नव्हता. शेवटी मी आत बोलावलं.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. डाव्या हातात चार घड्या घातलेला कागद होता. तो त्याने माझ्या टेबलावर सरळ केला.

"साहेब, हे बोलणं माझंच हाय. पण मी हे कंत्राटदाराच्या माणसांजवळ बोललोच नव्हतो."

कागदावर छापलं होतं: 'कामगार क्र. ४. प्रेसमध्ये हात असला की यंत्र थांबवणारा सेन्सर सकाळीच बंद करून ठेवतात, नाहीतर टार्गेट निघत नाही. माझी बोटं गेली तेव्हा सुपरवायझर म्हणाला, जिन्यावरून पडलो असं सांग. मी तसंच सांगितलं.' आणि समासात पेनाने त्याचं खरं नाव आणि गाव लिहिलेलं.

"हा कागद कुठं मिळाला?"

"गेटवर. कंत्राटदाराच्या माणसानं आमच्या सहा जणांना बाजूला घेतलं. एकेकाचा कागद वाचून दाखवला. म्हणला, तोंड लई चालतं तुमचं, आता घरी बसून चालवा. पास काढून घेतले. कागद खाली पडला तो मी उचलला."

"मग हे बोललास कुणाजवळ?"

"कॉलेजच्या एका ताईजवळ. खोलीवर आल्या होत्या. आमच्या मंडळींनी च्या केला. ताई म्हणल्या, नाव कुठंच येणार नाही." त्याने कागदावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "साहेब, बोटं गेली तेव्हा मी गप बसलो म्हणून काम राहिलं. तोंड उघडलं अन् काम गेलं. सहा घरं हायत साहेब. त्या ताईनं विकलं आम्हाला."

तीस वर्षांची नोकरी झाली की माणसाला एका मिनिटात निर्णय घेण्याची वाईट खोड लागते. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की त्या बाईनेच विकलं. मला इतका राग आला होता की चूक व्हायला एक मिनिट पुरलं.

ती मुलगी म्हणजे आमच्याच भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पीएच.डी. करणारी संशोधक. पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रांवरचे, म्हणजे प्रेस शॉपमधले अपघात आणि ते का लपवले जातात, हा तिचा विषय. नोटीस देऊन बोलावलं. महिला अंमलदार शेजारी बसवली, माझे हवालदार जबाब लिहायला. हे हवालदार खेडच्या बाजूचे जुने रहिवासी, अक्षर मोत्यासारखं, बोलणं मोजकं. माझ्या मुलीच्या वयाची ती पोर समोर बसली आणि मी तिच्यावर असा बरसलो की बाहेरचे तक्रारदार बाकावरून उठून उभे राहिले.

मला वाटलं, रडेल. ती उलट चिडली.

"सर, ओरडून झालं असेल तर सांगते. मुलाखतींत मी नावं लिहीतच नाही, क्रमांक लिहिते. कुठला क्रमांक कुणाचा, ती यादी वेगळी. दोन्ही फायलींना वेगळी कुलुपं. हे मी मनाने केलेलं नाही, शिकून केलंय."

"कुणाकडून शिकलात?"

"चॅटबॉटकडून."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, ह्यो कोण?"

मग तिने समजावलं. संशोधकांनी आपली माहिती कशी सांभाळावी, हे शिकवण्यासाठी कॉलेजने एका कंपनीकडून अभ्यासक्रम घेतला होता. वर्ग नाही, व्याख्यान नाही. संगणकावर त्या बॉटशी लिहून बोलायचं. तो तुमचं काम विचारतो, त्यावरूनच प्रश्न काढतो, मधूनच फसवी ई-मेल पाठवून तुम्ही गळाला लागता का ते बघतो, लागलात तर कुठे चुकलात ते सांगतो. शेवटी गुण आणि सर्टिफिकेट.

मला आनंद झाला. आरोपी सापडला होता. ही सगळं त्या यंत्राला सांगून बसली आणि यंत्रानेच फोडलं. तसं मी हवालदारांना म्हणालोही.

"व्हय साहेब," ते शांतपणे म्हणाले, "पर त्याचा जबाब कसा घ्यायचा? वडलांच्या नावाच्या रकान्यात काय लिवू?"

मुलीने बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला. बॉटशी झालेलं तिचं सगळं बोलणं, चार महिन्यांचं. "वाचा," म्हणाली. मी चष्मा चढवला आणि दुपारचा डबा तसाच ठेवून वाचत बसलो.

पहिल्याच पानावर तिने एका कामगाराची हकिगत लिहायला घेतली होती आणि बॉटने तिला थांबवलं होतं. 'मला खरी नावं किंवा कंपनी सांगू नका. कामगार एक, कामगार दोन असं लिहा. शिकवायला तेवढं पुरतं.' म्हणजे माझा नवा आरोपी पहिल्या पानावरच निसटला. पुढे तिचेच प्रश्न. मोबाइल हरवला तर? घरातल्या कुणी लॅपटॉप उघडला तर? कंत्राटदारानेच विचारलं तर? मी आयुष्यात कुठल्या कोर्सला इतके प्रश्न विचारले नाहीत. मी कोर्सला जायचो ते जेवण कसं आहे ते बघायला.

मग एक पान आलं. बॉटने विचारलं होतं, 'क्रमांकांची यादी तुमच्याखेरीज कुणाकडे आहे?' तिने लिहिलं, 'माझ्या गाईडकडे. दोन्ही फायली त्यांच्या खात्यावरून उघडतात. कॉलेजचा नियम आहे.' उत्तर होतं, 'मग त्यांचं खातं सुरक्षित असणं हे तुमच्या कामगारांसाठी तितकंच महत्त्वाचं आहे. ते खातं ते एकटेच वापरतात का, हे त्यांना विचारून घ्या. हे मी तुमच्यासाठी तपासू शकत नाही.'

"विचारलं होतं?" मी म्हणालो. माझा आवाज खाली आला होता.

"विचारलं. सर म्हणाले, तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

"मग?"

"मग काय सर? गाईडला असं दुसऱ्यांदा विचारत नाहीत. प्रबंधावर सही त्यांची लागते."

मी तिला चहा मागवला. माफी मात्र मागितली नाही. वर्दीत असताना ते शब्द माझ्या तोंडून निघत नसत. आज लिहितो आहे, म्हणून इथे मागतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकालाच करावा लागतो, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती. गुन्हा नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन कॉलेजात गेलो. गाईड सर म्हणजे भारदस्त गृहस्थ. केबिनच्या भिंतीवर त्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.

"छान गुण आहेत," मी म्हणालो. "बॉटने काय काय शिकवलं?"

"तेच आपलं. खबरदारी घ्यावी. अनोळखी लिंक उघडू नये. पासवर्ड कुणाला देऊ नये."

"आणि तुम्ही कुणाला दिलात?"

सरांनी पेपरवेट फिरवायला सुरुवात केली. समोरचा असं काही फिरवायला लागला की मी वाट बघतो. माणूस हाताला काम शोधायला लागला की तोंडाला फार वेळ थांबवू शकत नाही.

"दिला म्हणजे तसा नाही हो. तपासणी समिती येणार होती. सगळ्यांची सर्टिफिकेटं फायलीत हवी होती. आम्हा सीनियर लोकांना वेळ कुठे असतो? एका दुपारी आम्हा आठ जणांचा कोर्स करून घेतला. मी तर त्या दिवशी व्हायवा घ्यायला बाहेरगावी होतो. कोर्स कॉलेजच्याच खात्यावरून होतो, त्याचा पासवर्ड ग्रुपवर टाकला, झालं."

"ग्रुपवर?"

"डिपार्टमेंटच्या. आपलीच माणसं आहेत."

पासवर्ड कुणाला देऊ नये हे शिकवणारा कोर्स पुरा व्हावा म्हणून आठ प्राध्यापकांनी आपापले पासवर्ड एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते. मी उभा राहिलो. "लाज नाही वाटत?" म्हणालो. "सहा माणसं कामावरून गेली. तुमच्या परीक्षेला दुसऱ्याला बसवलंत आणि वर सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर?"

माझ्या मागे हवालदारांना जोराचा खोकला आला. असा खोकला त्यांना नेमक्या वेळी येतो. आणि मला आठवलं की पोलिसांसाठीचा सायबर गुन्ह्यांचा ऑनलाइन कोर्स माझ्या नावावर याच हवालदारांनी केला होता, माझ्याच पासवर्डने. मला ब्याण्णव गुण पडले होते आणि मी घरी पेढे नेले होते.

मी खाली बसलो. उरलेला जबाब हळू आवाजात घेतला.

कॉलेजला लेखी पत्र देऊन, पंचांसमक्ष पंचनामा करून आठही खात्यांचं बॉटशी झालेलं बोलणं ताब्यात घेतलं, सोबत कायद्याने लागतं ते प्रमाणपत्र. आठही कोर्स एकाच दुपारी, एकाच संगणकावरून झाले होते. तो संगणक प्लेसमेंट ऑफिसातला. म्हणजे मुलांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या विभागातला. आठही खात्यांत बोलण्याची तऱ्हा तीच. बॉट जीव तोडून समजावतो आहे आणि इकडून एकच उत्तर, 'ओके, नेक्स्ट.'

फक्त गाईड सरांच्या खात्यावर एका ठिकाणी उलटा प्रश्न होता. 'एका विद्यार्थिनीने शेअर केलेली फाईल आपण उतरवून घेतली तर तिला कळतं का?'

बॉटने लिहिलं होतं, 'बऱ्याचदा नोंद राहते. पण आधी हे बघू या: त्या फाईलमध्ये कुणाची माहिती आहे, आणि ती त्यांनी कशासाठी दिली होती? तुम्हाला अभ्यासासाठी तिची गरज नसेल तर उतरवू नका. शंका असेल तर जिने शेअर केली तिलाच विचारा.'

त्याखाली होतं, 'ओके, नेक्स्ट.'

त्या दोन शब्दांवर माझं बोट कितीतरी वेळ होतं. खून करून आलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांचे हात थरथरतात. इथे फाईल उचलू नको म्हणून सांगितल्यावर पुढचा प्रश्न मागितला होता.

प्लेसमेंट अधिकारी नोटिसीवर ठाण्यात आले तेव्हा मी चपापलो. गृहस्थ ओळखीचे निघाले. वर्षभरापूर्वी याच कॉलेजात सायबर जागृतीवर माझं भाषण ठेवून मला शाल आणि नारळ यांनीच दिला होता. ती शाल आमच्या सोफ्यावर आहे.

"साहेब, तुमचं ते भाषण अजून मुलं आठवतात," ते बसता बसता म्हणाले.

"मला नाही आठवत. आठ जणांचा कोर्स तुम्ही केलात?"

"आठही. एका दुपारी," ते खुलले. "सगळे नव्वदीच्या वर. आमच्या सरांना टेक्निकल गोष्टी जमत नाहीत राव, कुणीतरी करायला लागतं."

आरोपी कौतुकाने फुलतो तेव्हा त्याला फुलू द्यावं. त्यांनी सगळं सांगितलं, कुठला संगणक, किती वाजता, जेवणाआधी किती आणि नंतर किती. हवालदार लिहीत होते. मग मी तो कागद समोर ठेवला आणि तो प्रश्न वाचून दाखवला.

"ते असंच. सहज विचारलं."

"उत्तर वाचा."

"साहेब..."

"मोठ्याने वाचा."

त्यांनी वाचलं. 'जिने शेअर केली तिलाच विचारा' इथे थांबून पाणी मागितलं. दिलं.

"पुढचे दोन शब्द पण वाचा."

ते त्यांनी वाचले नाहीत. मग एकदम बोलायला लागले. "साहेब, मी माझ्यासाठी काही केलेलं नाही. त्या कंपनीतून फोन आला होता. तुमच्या कॉलेजची कुणी बाई आमच्या कामगारांना काय काय विचारत फिरते, या वर्षी कँपस इंटरव्ह्यूला यायचं की नाही ते बघावं लागेल. साठ पोरं बसलीत माझी, साहेब. त्यांच्या आईबापांना मी काय सांगू? कोर्ससाठी सरांचं कॉलेजचं खातं उघडंच होतं, फायलीही त्यातच. फाईल दिसली. त्यांना फक्त विषय काय आहे ते कळावं म्हणून पाठवली."

"विषय कळायला क्रमांकांची यादी लागते?"

"ती... त्यांनी मागितली."

"आणि त्या सहा जणांचं काय होईल, हे डोक्यात आलं नाही?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. "साहेब, ते कंत्राटी आहेत. त्यांना काय, इथं नाही तर तिथं लागतंच काम."

मी उठून बाहेर आलो. नळाखाली डोकं धरलं. मी कुणावर हात टाकणारा माणूस नव्हे, त्या दिवशी मात्र दोन्ही हात मागे बांधून ठाण्याच्या आवारात तीन फेऱ्या मारल्या. दोन बोटं नसलेल्या माणसाला काम कुठे लागतं, ते त्यांना विचारायला हवं होतं. हवालदार दारात आले.

"साहेब, बीपीची गोळी घेतली का न्हाई?"

"घेतली."

"मंग आत चला. ते रडायला लागलेत. मला रडणं लिवता येत न्हाई."

त्यांच्या मोबाइलवरून फाईल कुणाला, कधी गेली ते सगळं निघालं. मोबाइल जप्त झाला, मुद्देमाल तपासणीला गेला. कंत्राटदाराचा माणूस आणि फाईल मागणारा कंपनीतला अधिकारी, दोघेही त्यांच्याबरोबर आरोपी झाले. दोषारोपपत्र मी वेळेत पाठवलं. खटला न्यायालयात आहे, तो केव्हा उभा राहील ते न्यायालयच जाणे. गाईड सर साक्षीदार आहेत. त्यांना कॉलेजने समज दिली. समज म्हणजे एक पत्र.

आणि कॉलेजने आणखी एक केलं. सगळ्यांना तो कोर्स पुन्हा करायला लावला. जप्तीच्या कागदांवर सही घ्यायला मी प्राचार्यांकडे गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत त्यांच्या स्टेनो बाई संगणकावर काहीतरी टाइप करत होत्या.

"सर मीटिंगमध्ये आहेत, बसा ना," म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "बघा ना, किती प्रश्न विचारतो हा. म्हणतो, हे खातं तुम्ही स्वतःच वापरताय ना?"

"कुणाचा कोर्स आहे हा?"

"सरांचा."

त्या बाईंवर ओरडून काय करणार होतो? त्यांना सांगितलं गेलं, त्या करत होत्या. मी सही न घेता परत आलो आणि गाडीत बसून हवालदारांना म्हणालो, "माझ्या नावावरचा तो कोर्स रद्द करायचा. मी पुन्हा देणार."

"आता निवृत्तीला दोन महिने राहिले, साहेब."

"तरी देणार."

दिला. एकसष्ट गुण पडले. 'तुमची पेन्शन थांबवण्यात आली आहे' अशी एक ई-मेल आली आणि मी तत्क्षणी त्यावरची लिंक दाबली. फसवी होती. कोर्सवाल्यांनीच पाठवलेली. घरी सांगितल्यावर मुलगी दोन दिवस हसत होती. तरी ते एकसष्ट माझे आहेत.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. संगणकाचं फारसं काही नाही. आपल्याकडे वरच्याची मेहनत खालच्याने करायची, आणि ती करता यावी म्हणून वरच्याने चावी त्याच्या हातात द्यायची, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याला कुणी चूक म्हणत नाही. चावी मागणाऱ्याला आपण कामाचा माणूस म्हणतो आणि 'एकटेच वापरता ना?' असं विचारणारीला अविश्वासू म्हणतो. मीही त्यातलाच. फरक इतकाच की माझ्या पासवर्डने कुणाची भाकरी गेली नाही. हे माझं कर्तृत्व नाही, माझे हवालदार सज्जन होते एवढंच.

निवृत्तीनंतर त्या संशोधक मुलीचा फोन आला. कुरुळीला जायचं होतं, त्या सहा घरी जाऊन सांगायचं होतं की तिने विकलं नव्हतं. एकटीला जाववत नव्हतं. मी गेलो, साध्या कपड्यांत. चौघे दुसऱ्या कंत्राटदाराकडे लागले होते. एक गावी परत गेला होता. आणि तो परभणीकडचा आळंदी रस्त्यावरच्या एका हॉटेलात ताटं धुत होता, आठ बोटांनी. दुपारच्या सुट्टीत खोलीवर आला होता.

मुलीने सगळं सांगितलं.

"मला कळलं ताई," तो म्हणाला. "साहेबांनी कोर्टाच्या कागदावर वाचून दाखवलं होतं. तुमचा काही दोष न्हाई." बायकोने चहा आणला. मुलीने कप घ्यायला बॅग मांडीवरून खाली ठेवली, तेव्हा तिच्यातून वही जरा बाहेर आली. तो वहीकडे बघत म्हणाला, "च्या घ्या ताई. पण ती वही आतच राहू द्या."

तिने चेन लावली.

निघताना शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक जण बसला होता. पंचविशीचा असेल. अंगात कंपनीचा निळा शर्ट, उजव्या हाताला मनगटापर्यंत पांढरं बँडेज. जुन्या सवयीने मी थांबलो.

"काय झालं रे?"

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्या बॅगेकडे.

"काही न्हाई काका. मोटरसायकलच्या चेनमधी गेला."